घरी सोडा मला

आईनं गाठोडं बांधायला घेतलं की आमच्या घरात कुणाला बसवत नसे. बायको गॅस बारीक करून पुढच्या दाराशी यायची. आबा, म्हणजे माझे वडील, टीव्ही बंद करायचे. मी कामावर असलो तर फोन वाजायचा, घरी असलो तर पायात चपला सरकवून उंबऱ्यात उभा राहायचो. आई मात्र कुणाकडं न बघता चादर जमिनीवर पसरायची आणि मधोमध हाताला लागेल ते ठेवायची. कधी दोन वाट्या, कधी पडद्याच्या कड्या, कधी आबांचा चष्मा. मग चारी टोकं उचलून गाठ मारायची आणि आमच्याकडं वळून म्हणायची, "अंधार पडायच्या आत घरी सोडा मला."

लग्न होऊन आली तेव्हापासून ती मंगळवार पेठेतल्या याच घरात राहत होती.

गाठ मात्र अशी बसायची की सोडवताना बायकोची नखं मोडायची. ती गाठ आईच्या हातात मुरलेली होती. माझ्या लहानपणापासून आई दारोदार साड्या विकायची. इचलकरंजीहून माल आणायचा, घडीवर घडी रचायची, गाठोडं काखेत मारायचं आणि पेठांतून हिंडायचं. रिक्षा तिला आवडायची नाही. पायी हिंडल्याशिवाय गिऱ्हाईक समजत नाही, असं म्हणायची. कुणाच्या घरी लेक बाळंतपणाला आली आहे, कुणाची सासू गेली आणि वर्षभर रंगीत साडी घेणार नाहीत, हे सगळं तिच्या डोक्यात असे. राजारामपुरीतल्या सगळ्या गल्ल्या तिला पाठ होत्या. मी शाळेत असताना एकदा पाहुण्यांना पत्ता सांगता सांगता तिनं अर्ध्या शहराचा रस्ता उभा केला होता, कुठं नळ आहे, कुठं कुत्रं भुंकतं यासकट.

आबांचं काम याच्या उलट, एका जागी बसून करायचं. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करायचे. त्यात थोडी चूक झाली तर ओतलेला सगळा माल भंगारात जातो. त्यामुळं आबांच्या डोळ्याला वाकडं काही सहन होत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, ताटातली भाकरी, माझ्या शर्टाची कॉलर, सगळं त्यांना सरळ लागायचं.

कोरोनाच्या बंदात आईचं हिंडणं थांबलं. बंद उठल्यावर ती पुन्हा बाहेर पडली, आणि थोड्याच दिवसांत राजारामपुरीतल्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा मला फोन आला. त्या अवघडून बोलत होत्या. आई सकाळपासून त्यांच्याकडं बसली होती. एक जांभळी साडी उलगडून दाखवत होती, घडी घालत होती, आणि थोड्या वेळानं नवीन माल आल्यासारखी पुन्हा तीच उलगडत होती. बाईंना आधी वाटलं, चेष्टा करतायत. मग त्या घाबरल्या.

मी मोटरसायकलवरून तिला आणायला गेलो. वाटेत ती मागं बसून खुशीत बोलत होती. बाईंना जांभळी साडी फार आवडली म्हणाली. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी वेग कमी केला, तर तिनं विचारलं, "इथं कुणाकडं जायचंय?"

मी तेव्हा हसलो. नीट ऐकू आलं नाही असं स्वतःला सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप हलकी झाली.

आबा म्हणाले, वय झालं की होतंय असं. पण त्यांनाही चैन नव्हतं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिची तपासणी सुरू केली. चहा झाला की समोर बसायचे. आज वार कोणता? महिना कोणता? काल काय जेवलो? ती चुकली की बरोबर उत्तर सांगायचे आणि तिच्याकडून वदवून घ्यायचे. रोज थोडं थोडं तासलं की लाकूड मापात येतं, तसं काहीतरी त्यांच्या मनात असावं. आई सुरुवातीला अंदाजानं ठोकून द्यायची. मग गप्प बसायला लागली. एके सकाळी तिनं कप आदळला आणि म्हणाली, "मी काय शाळंत हाय व्हय?" त्यानंतर ती बराच वेळ या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत राहिली, आणि आबा दारात बसून तिच्याकडं बघत राहिले.

शेवटी मीच डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं. आबांना आधी फक्त बीपी दाखवायचं म्हणून सांगितलं. मेंदूविकाराच्या डॉक्टर बाई होत्या, मृदू बोलायच्या. त्यांनी आईशी साड्यांच्या गप्पा मारल्या, मग कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. आईनं गोल छान काढला. आकडे मात्र सगळे एका बाजूला, एकमेकांना चिकटून लिहिले, आणि उरलेल्या मोकळ्या जागेकडं बघत बसली. आबांना राहवलं नाही. त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि बारा, तीन, सहा, नऊ जागच्या जागी लिहिले. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं नाही. नुसतं बघितलं.

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो झाला. थायरॉइड, जीवनसत्त्वं, गाठबीठ काही नाही ना, हे आधी बघावं लागतं म्हणाल्या. सगळं बघून झाल्यावर त्यांनी अल्झायमरचं नाव घेतलं.

मी ते नाव ऐकलं होतं, पण विसरभोळेपणाचं मोठं नाव एवढंच मला वाटायचं. डॉक्टरांनी समजावलं ते वेगळं होतं. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. सुरुवात बहुतेक वेळा नव्या आठवणी साठवणाऱ्या भागापासून होते, म्हणून सकाळचा चहा आठवत नाही आणि लहानपणीची विहीर आठवते. पुढं रस्ते जातात, माणसं जातात, शब्द जातात. हातांना लागलेल्या सवयी बराच काळ टिकतात. हा आजार बरा होत नाही, गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. आणि संध्याकाळी अस्वस्थपणा वाढेल, पुष्कळांचा वाढतो.

आबांनी विचारलं, "रोज पाठ करून घेतलं तर?"

डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही त्यांना चूक दाखवाल. ती चूक त्या विसरतील. पण तुम्ही रागावलात, हे त्यांच्या आत कुठंतरी राहील. कशामुळं ते कळणार नाही, नुसतं घाबरल्यासारखं वाटत राहील."

घरी येताना आबा रिक्षात एकच वाक्य बोलले, की शिकलेली माणसं उगंच भीती घालतात. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते पुन्हा आईसमोर बसले. आज वार कोणता?

बायकोनं एक धातूची पट्टी आणली होती, हातात घालायची, वर आमचा फोन नंबर कोरलेला. आबा तिच्यावर खवळले. "तिला काय म्हस समजलीस व्हय, बिल्ला लावाय?" बायकोनं वाद घातला नाही. पट्टी कपाटात ठेवली, आणि दुपारी आई झोपल्यावर तिच्या चपलांच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईनं माझा नंबर लिहिला. शाई पुसट झाली की ती पुन्हा गिरवायची. हे मला नंतर कळलं.

गाठोडं त्याच सुमारास सुरू झालं. उन्हं कलली की आईचे हात पदराशी खेळायला लागायचे. मग ती उठायची, चादर शोधायची. "घरी सोडा मला." आबा सांगायचे, हेच घर हाय. ती त्यांच्याकडं संशयानं बघायची. आबा लग्नाचा फोटो काढून आणायचे, ही तू, हा मी. ती म्हणायची, असंल, पण मला घरी जायचंय. आवाज चढायचे. शेजारी खिडकीत यायचे. कडी लावली की ती कडीशी झटायची, आणि कडी काढली तर आम्ही तिच्यामागं गल्लीभर. रात्री जेवून ती लहान मुलासारखी झोपी जायची आणि आम्ही तिघं आपापल्या अंथरुणात जागे.

मग एका संध्याकाळी ती गेलीच. बायको औषधं आणायला गेली होती. आबांचा खुर्चीत डोळा लागला आणि दाराची कडी काढलेली राहिली. मला फोन आला तेव्हा मी शिरोलीला कामावर होतो. तिथून घरापर्यंतचा रस्ता मी कसा आलो ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक सिग्नलला प्रत्येक म्हातारी बाई आईच वाटत होती. मित्र मोटरसायकली घेऊन पेठांमधून फिरत होते. कुणी अंबाबाईच्या देवळाकडं गेलं, कुणी स्टँडवर. मी रंकाळ्यावर गेलो, कारण भीती तिथं नेत होती. काठाकाठानं चालताना मी पाण्याकडं बघत होतो आणि बघायचंही नव्हतं. भेळ खाणारी, फोटो काढणारी माणसं मध्ये येत होती. एकाला मी उगाच ढकललं. तो माझं तोंड बघून बाजूला झाला. पोलिस चौकीत तिच्या साडीचा रंग विचारला आणि मला तो सांगता येईना. आयुष्यभर साड्या विकलेल्या बाईचा मुलगा मी, आज तिनं कुठली नेसली आहे हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. कागलमधून. एक बाई बोलत होती. "घाबरू नका. अम्मा आमच्या दुकानात बसल्यात. चप्पल दारात काढली, त्यात नंबर दिसला."

मित्राची गाडी घेऊन मी आणि आबा निघालो. हायवेवर आबा सारखे मला सांगत होते, सावकाश चालव, आणि लगेच विचारत होते, एवढं हळू का?

स्टँडजवळ बांगड्यांचं छोटं दुकान होतं. एका मुसलमान कुटुंबाचं, नवरा-बायको दोघं बघायचे. आई गादीवर मांडी घालून बसली होती, दोन्ही हात पुढं केलेले, आणि ती बाई तिच्या मनगटात हिरव्या बांगड्या भरत होती. दोघी बोलत होत्या, आणि मी जे ऐकत होतो त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. आई कन्नड बोलत होती.

तिचं माहेर चिकोडीच्या अलीकडं, तंबाखूच्या रानातलं एक खेडं. मावशी सणाला आली की त्या दोघी स्वयंपाकघरात कन्नडमध्ये कुजबुजायच्या एवढंच मला माहीत. आमच्याशी ती कधी ती भाषा बोलली नाही. आबांना आवडायचं नाही, आणि आम्हाला कधी गरज वाटली नाही.

दुकानातल्या बाईनं सांगितलं, की आई वडापच्या, सीटवर पैसे घेणाऱ्या जीपमधून उतरली आणि सरळ आत आली. माहेरी रिकाम्या हातांनी कसं जायचं, बांगड्या भर, म्हणाली. बाईचं माहेरही तिकडचंच, त्यामुळं दोघींचं जमलं. मी आईसमोर बसलो, हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि विचारलं, "नी यारु?"

बाईनं माझ्याकडं बघितलं. मग हळू म्हणाली, "तुम्ही कोण, विचारतायत."

आबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी त्या बाईनंच तिला कन्नडमध्ये काहीतरी समजावलं, ही भली माणसं आहेत, तुला घरी सोडतील, असं. तेव्हा आई उठली. बाईनं बांगड्यांचे पैसे घेतले, चहाचे घेतले नाहीत.

पुढच्या रविवारी आबा म्हणाले, "एवढं म्हणतीय तर दाखवू तिला तिचं घर. एकदा बघितलं की समाधान हुईल." त्यांचा त्यावर विश्वास होता. मला नव्हता, पण काहीतरी करायचं होतं. नुसतं बसून कडीकडं बघण्यापेक्षा गाडीत बसणं बरं वाटत होतं.

मामाची मुलं शेती करतात, ते घर अजून आहे. पुढचा भाग सिमेंटचा झालाय, पण मागची विहीर, चौकट, तंबाखू वाळवायची शेड तशीच. मावशी त्याच गावात दिलेली, तीही आली. आई गाडीतून उतरली. ती घरात गेली, चौकटीवर हात फिरवला, चुलीजवळ बसली. मावशीला बघून तिचा चेहरा उजळला आणि तिनं हाक मारली, "अव्वा." अव्वा म्हणजे आई. मावशी तिच्यापेक्षा धाकटी आहे. मावशी जागच्या जागी थबकली, मग पुढं होऊन तिच्याजवळ बसली.

जेवण झालं. दुपार शांत गेली. आबा विहिरीच्या कठड्यावर बसून माझ्याशी बोलत होते. बघ, म्हणाले, आधीच आणायला पाहिजे होतं. महिन्यातनं एकदा आणत जाऊ.

उन्हं कलली. आई उठली. दांडीवरचं धुणं काढून तिनं जमिनीवर पसरलं आणि चुलीजवळची वाटी त्यात ठेवली. मग मावशीचा हात धरून म्हणाली, "मनिगी होगोण."

मी मावशीकडं बघितलं. मावशीनं मान खाली घातली. "घरी जाऊ या म्हणतीय," ती म्हणाली.

आबा तंबाखूच्या शेडच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांना उठवायला मी गेलो तर ते उठले नाहीत. परत येताना कागल मागं पडलं. आई माझ्या बायकोच्या खांद्यावर झोपली होती. आबांनी समोर रस्त्याकडं बघत मला विचारलं, "मग ती कुठं जायाचं म्हणतीय?"

मी गियर बदलला.

त्यानंतर काही दिवसांनी आबांनी काय केलं ते मी कामावरून लवकर आलो म्हणून मला बघायला मिळालं. आईनं गाठोडं बांधलं होतं. आबा काही समजावत नव्हते. त्यांनी गाठोडं उचललं, खांद्याला लावलं आणि म्हणाले, "चल. सोडतो." दोघं बाहेर पडले. मी थोडं अंतर ठेवून मागं गेलो. गल्लीच्या तोंडाशी वळले, शाळेच्या मैदानाला वळसा घातला, तालमीसमोरून गेले. आई भरभर चालत होती, आबांना तिच्या चालीनं दम लागत होता. कुणी विचारलं तर आबा सांगत होते, हिला घरी सोडाय चाललोय. लोकांना वाटायचं म्हातारा थट्टा करतोय. मागच्या बाजूनं फिरून ते पुन्हा आमच्याच दाराशी आले आणि आबा म्हणाले, "आलं बघ घर."

आईनं दाराकडं बघितलं. चेहऱ्यावरचा ताण उतरला. ती आत गेली, मग वळून आबांना म्हणाली, "या की पावणं. भाईर का थांबलासा?"

आबा स्वतःच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले होते. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले, परक्याच्या घरी बसतात तसे. आई समोर बसली.

"कुठलं म्हणायचं गाव?"

"गारगोटीकडचा मी."

"लांबनं आलासा. आमचं मालक बी तिकडचंच."

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. तिलाच विचारलं, "कुठं गेल्यात मालक?"

"कामावर. येतील आता." मग ती थोडी पुढं झुकली. "माणूस चांगला हाय. पर लई चुका काढतंय. भाकरी वाकडी, घडी वाकडी. माझं काय सरळच दिसत न्हाय त्याला."

आबांचे हात गुडघ्यांवर होते आणि ते गुडघे दाबत होते.

"सांगतो मी त्यास्नी," ते म्हणाले.

"सांगा. तुमचं ऐकतील. गाववालं हाय तुमी."

मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोनं चहा टाकलेला होता, तिलाही सगळं ऐकू गेलं होतं. तिनं कप बशीत ठेवून ट्रे माझ्या हातात दिला, आणि मी पाहुण्यांना चहा नेऊन दिला.

दुसऱ्या सकाळी आबांनी वार विचारला नाही. त्यानंतर कधीच विचारला नाही. संध्याकाळचा फेरा मात्र रोजचा झाला. हे वाचताना सोपं वाटेल, पण सोपं नव्हतं. काही दिवशी तिला तेवढ्यानं भागायचं नाही, दारातून पुन्हा उलटी फिरायची. काही दिवशी दार उघडताच ओरडायची, ही कोण माणसं माझ्या घरात? आणि काही दिवशी चहा झाला की आबांना म्हणायची, आता निघा पावणं, मालक यायची वेळ झाली. मग आबा खरंच उठायचे, समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे, आणि ती विसरली असेल असं वाटेपर्यंत तिथंच थांबायचे. थंडीत मी त्यांना स्वेटर नेऊन द्यायचो. एकदा ते म्हणाले, एवढा संसार केला आणि शेवटी पावणा. मला वाटलं रडतील. पण ते हसले, आणि माझ्या हातातून स्वेटर घेतला.

मावशी आठवड्यासाठी म्हणून आली आणि बरेच दिवस राहिली. ती आल्यावर घरात कन्नड सुरू झालं आणि आईचं मराठी जवळजवळ संपलं. ती मावशीला अव्वाच म्हणायची, तिच्या मांडीवर डोकं ठेवायची. मावशी तिचे केस विंचरायची. मी एकदा विचारलं, कसं वाटतं? मावशी मेथी निवडत होती. म्हणाली, "पयल्यांदा न्हाणीत जाऊन रडू आलं मला. मग म्हटलं, हिनंच मला कडेवर वागवलंय. आई म्हणाली तर कुठं बिघडलं?"

तिच्याकडून मी थोडं कन्नड शिकलो. पाणी पाहिजे का, जेव, बस, आणि "अंजब्याड", म्हणजे भिऊ नको. हा शेवटचा शब्द सगळ्यांत कामाचा होता. माझा उच्चार ऐकून आई हसायची. चाळिशी ओलांडल्यावर मी आईची भाषा शिकत होतो आणि ती मला ओळखत नव्हती. कामावर मशीनच्या आवाजात मी ते शब्द ओठांतल्या ओठांत घोळवायचो.

त्याच काळात मला स्वतःबद्दल भीती बसली. एखाद्याचं नाव ओठावर येऊन अडलं की आईची सुरुवात आठवायची. फोनवर काहीबाही वाचत बसायचो. डॉक्टर बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, उतारवयात सुरू होणारा हा आजार सरळ आईकडून मुलाकडं येतो असं नाही, शक्यता थोडी वाढते एवढंच. बीपी, साखर सांभाळा, चाला, झोपा, माणसांत राहा. मी चालायला लागलो. झोपेचं अजून जमलेलं नाही.

मागच्या वर्षी आई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती चालली नाही. तिचं घरी जायचं मागणं हळूहळू कमी झालं आणि मग एके दिवशी आमच्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत तिनं ते म्हटलेलं नाही. मला वाटलं होतं तेव्हा सुटल्यासारखं होईल. उलट झालं. उन्हं कलली की आम्ही तिघं अजूनही उठून उभे राहतो आणि काय करायचं ते कळत नाही. आबा गॅलरीत जातात, परत येतात.

आता ती बोलत नाही. गॅलरीतल्या खुर्चीत बसवतो, तिथं ऊन येतं. गिळायला त्रास होतो म्हणून मऊ भात, पातळ करून. घास तोंडाजवळ नेला की कधी ओठ उघडतात, कधी नाही. बायकोच्या हातून ती दोन घास घेते, माझ्या हातून तेही नाही. आबांनी एक शोधून काढलंय. ते शेजारी बसून पेपर मोठ्यानं वाचतात. राधानगरी धरणाची पातळी, उसाचा दर, कुठं पाइपलाइन फुटली, कुणाचा प्लॉट विकायचाय. आवाज चालू असला की तिचे ओठ सैल होतात आणि त्यांना घास भरवता येतो. आवाज थांबला की तोंड मिटतं.

परवा सकाळी मी हेल्मेट हातात घेऊन दारात उभा होतो. आबांनी पहिलं पान संपवलं, दुसरं संपवलं, आणि जाहिरातींवर आले. गोखले कॉलेजच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं, पाण्याची सोय. तिनं घास घेतला. जुनी शिलाई मशीन, चालू स्थितीत. घेतला. मध्येच तिनं चमचा दातांत घट्ट धरला आणि सोडेना. आबा वाचता वाचता थांबले, म्हणाले, "सोड की, माझं बी पोट हाय." ती हसली. म्हणजे तोंडाचा कोपरा हलला, आम्ही त्याला हसणं म्हणतो. चमचा सुटला. आबांनी पुढची जाहिरात वाचायला घेतली आणि हातानंच मला खूण केली, जा, उशीर झालाय.

मी निघालो. पहिल्या सिग्नलला खिशातून फोन काढून बघितला. कुणाचा आला नव्हता. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा बघितला.